शकुच्या चेहऱ्यावरचे पक्षी

शिंजीर चोच उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता, आणि आवाज येत नव्हता. सहदेव धुरी चहाचा कप हातात घेऊन खिडकीच्या ग्रिलपाशी उभा होता. पक्षी हातभर अंतरावर, जास्वंदीच्या फांदीवर, अंगठ्याएवढा, ऊन पडलं की निळा, सावलीत काळा. गळा फुगत होता, शेपटी थरथरत होती, सगळं अंग ओरडण्याच्या कामाला लागलं होतं, आणि आवाज म्हणून नाही. सहदेवला आधी त्या पक्ष्याचीच कीव आली. मुका असेल बिचारा. पक्ष्यांतही असत असतील मुके, त्यांचंही कुणीतरी करत असेल. एवढ्यात शकु ओल्या हातांनी मागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्याशी म्हणाली, "काय ओरडतोय मेला! सकाळपासून कान किटवले नुसते." सहदेवने चहाचा घोट घेतला. घोट गिळल्याचा आवाज त्याला आतून स्वच्छ ऐकू आला. "हो ना," तो म्हणाला, "भारीच ओरडतोय." शकु आत गेली. शिंजीर ओरडत राहिला आणि सहदेव त्याच्याकडे बघत राहिला, आणि कुणाची कीव करायची हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

मग त्याने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि स्वतःची परीक्षा घेतली. टाळी वाजवली, ऐकू आली. बादलीवर टिचकी मारली, ऐकू आली. खिशातली प्लास्टिकची पिशवी कानाशी नेऊन चुरगाळली. काही नाही, नुसती बोटं हलली. दुसऱ्या कानाशी नेली, तिथेही तेच. त्याला दाराची बेल आठवली. त्यांच्या बेलचा आवाज पक्ष्याचा होता, भांडुपच्या बाजारातून त्यानेच हौसेने आणलेला. वर्षभर ती बेल वाजतच नाही म्हणून त्याने दोनदा सेल बदलले होते, दुकानदाराला "माल डुप्लिकेट ठेवतोस" म्हणून चारचौघांत झापलं होतं, आणि तो दुकानदार काउंटरवर बेल दाबून दाबून दाखवत होता, "काका, वाजतेय ना, ही काय वाजतेय!" आणि सहदेव म्हणत होता, "मला शिकवू नकोस." सहदेव बाथरूममधल्या स्टुलावर बसला. दुकानदाराचा तो रडवेला चेहरा आठवून त्याला हसू आलं आणि हसता हसता घाम फुटला. कारण हे त्याच्या घराण्यातलं होतं.

त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटात वीसेक वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले, आणि कान गेल्यावर हळूहळू तेही गेले, म्हणजे होते तिथेच, चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात गोधडीवर बसलेले, पण कुणी त्यांना काही सांगेनासं झालं. आधी लोक ओरडून सांगत. मग दोनदा सांगत. मग "जाऊ दे, नंतर सांगू" म्हणत, आणि ते नंतर कधी येत नसे. घरात कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या नोकरीचं झालं, गावच्या घराच्या भिंतीचं काय झालं, सगळं त्यांच्या डोक्यावरून जाई. आणि ते हसत. कुणी काहीही बोललं की हसत, सुतकाला आलेल्या माणसाकडे बघूनही हसत. सहदेवला वडिलांच्या बहिरेपणाची भीती नव्हती, त्या हसण्याची होती. तो स्वतः मरोळला प्रेसच्या कारखान्यात लागला तेव्हा साहेबाने कानात घालायची रबरी बुचं दिली होती. ती त्याने पहिल्याच आठवड्यात शर्टाच्या खिशातून धुवायला टाकली, आणि मग ती दोरीसकट मुलीच्या, अक्षताच्या, खेळण्यात गेली. बाहुलीच्या कानात कित्येक वर्षं होती. बाहुलीला आज ठणठणीत ऐकू येत असणार.

आता प्रश्न असा, की त्या घरात दुसरं माणूस असताना हे इतके दिवस लपलं कसं? सहदेवने विचार केला आणि उत्तर एका शब्दात मिळालं. बघू. लग्न झाल्यापासून शकुच्या कुठल्याही वाक्यावर तो "बघू" म्हणत आला होता. गावाला जायचं का, बघू. फ्रिज घ्यायचा का, बघू. तुमच्या बहिणीला काहीतरी समजवा, बघू. हा शब्द कशालाही चालतो, त्याला आधी काही ऐकावं लागत नाही. आणि ऐकू येईनासं झाल्यावर तो शब्द आपोआप कामाला आला. माणसांची वाक्यं आता त्याच्यापर्यंत दात पडल्यासारखी यायची, मधली मधली अक्षरं गळालेली, आणि त्या फटींत तो "बघू" भरायचा. फारच चढा सूर लागला तर "हो ना". आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नासारखं काही वर गेलं तर "चांगलंय की". शकुला वाटत होतं नवरा पूर्वीसारखाच आहे, फक्त जरा जास्त. कुणालाही नवरा बहिरा आहे की नुसताच नवरा आहे हे कळायला वेळ लागतोच.

त्यांच्या सोसायटीच्या मागे डोंगराची चढण सुरू होते. तिथल्या पायवाटेवर बी विंगमधला केयूर रविवारी सकाळी लोकांना पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवत असे. बँकेत नोकरी, गळ्यात दुर्बीण, दाढी कोरलेली, आणि बोलताना कायम कुजबुज, जणू पक्षी भाडं थकवून लपलेत. शकु जानेवारीपासून जात होती. शिंजिराच्या त्या सकाळनंतर पहिल्याच रविवारी सहदेवनेही पायात बूट चढवले. शकु बघतच राहिली. "तुम्ही? पक्ष्यांना?" "का, मला काय कान नाहीत?" तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. त्याला फक्त एवढं बघायचं होतं की नक्की काय काय गेलंय.

केयूरची पद्धत अशी, की सगळ्यांनी गोल उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि आवाज आला की हात वर करायचा. डोळे उघडे ठेवले की कान आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. सहदेवने डोळे मिटले. तांबट ऐकू आला, टुक टुक टुक टुक, कुणीतरी दुरून घण मारत असल्यासारखा, आणि सहदेवचा जीव भांड्यात पडला. भारद्वाज ऐकू आला, खोल विहिरीतून हूप हूप. कोकीळ तर मेल्या माणसालाही ऐकू येतो. मग एक लांब, किणकिणती शीळ आली, त्याने जोरात हात वर केला, आणि केयूर कुजबुजला, "काका, टेम्पो रिव्हर्स घेतोय." सगळे डोळे मिटूनच हसले. त्यानंतर बराच वेळ शांतता होती. सहदेवने एक डोळा किलकिला केला, तर बाकी सगळ्यांचे हात वर. झाडांतून काहीतरी जोरात चाललं होतं, कसली तरी मैफल, आणि तो एकटाच दाराबाहेर चपलांपाशी उभा होता. त्याने पटकन हात वर केला. "वा काका," केयूर म्हणाला, "कोण ते?" आणि तेव्हा, सुटकेची वाट शोधता शोधता, सहदेवची नजर समोर डोळे मिटून उभ्या असलेल्या शकुवर गेली.

शकुची जीभ दाताखाली होती. ओठ आवळलेले, कपाळाला आठी, शेजारचा कारटा भिंतीवर बॉल मारत असला की करते तोच चेहरा. एकच एक गोष्ट न थांबता करणारं, छोटं, मोठ्या आवाजाचं काहीतरी. मागच्याच आठवड्यात ती घरी चिडून म्हणाली होती, "तो शिंपी, एवढासा जीव, पण घरभर ओरडणार, माझ्या सासूसारखा." "शिंपी," सहदेव म्हणाला. "करेक्ट!" केयूर कुजबुजायचंही विसरला.

तिथून सहदेव शिकत गेला, कुणी पक्ष्याचं नाव सांगितलं की ते शकुच्या त्या वेळच्या चेहऱ्याला जोडून ठेवायचा. दयाळ गायला लागला की शकुची मान डावीकडे कलते आणि तोंड जरासं उघडं राहतं. नाचण ओरडली की तिचे खांदे हलतात, तिला हसू येत असतं. हळद्याला ती डोळे अधिकच घट्ट मिटते. तांबटाला तिचं एक बोट मांडीवर ताल धरतं, पण तांबट त्याला येतच होता, तो त्याने उजळणीला धरला. चष्मेवाला म्हणून डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला एक चिमुकला पक्षी असतो, त्याला शकु नाक आकसते, शिंक येणार आणि येत नाही अशी. आणि शिंजीर. शिंजीर बोलला की तिची उजवी भुवई वर जाते, आणि घरी असली तर ती हात लांबवून गॅस बारीक करते. पुस्तकात पक्ष्यांची चित्रं असतात, सहदेवकडे शकुची होती. मार्च उजाडेपर्यंत तो वर्गातला पहिला आला. "कान असावेत तर धुरीकाकांसारखे," केयूर नव्या येणाऱ्यांना सांगायचा, आणि सहदेव नम्रपणे जमिनीकडे बघायचा, म्हणजे एका डोळ्याने. त्याला या सगळ्याची लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा वाटत होती. इतकी वर्षं एका घरात राहून त्याने शकुचा चेहरा असा सलग कधी बघितला नव्हता. पूर्वी बघायचा ते जेवण झालंय का हे कळण्यापुरतं. आता त्याला दिसत होतं, तिच्या हनुवटीवर एक बारीक तीळ आहे. हा कधी आला? की होताच? विचारायची सोय नव्हती.

आणि मग एका गुरुवारी माळ्यावरची बॅग खाली आली. सहदेव बाहेरून आला तर पलंगावर निळी बॅग उघडी, तिच्यात शकुच्या साड्या, स्वेटर, गुडघ्याचं तेल, आणि देव्हाऱ्यातला छोटा गणपती पेपरात गुंडाळलेला. चार दिवसांसाठी कुणी गणपती नेत नाही. सहदेव दारात उभा राहिला. आपल्याला हे सांगितलं गेलेलं आहे, एवढं त्याला तिच्या निवांत घड्या घालण्यावरून कळलं. आपण त्यावर काहीतरी बोललो आहोत हेही कळलं. काय सांगितलं आणि आपण काय म्हणालो हे मात्र कळत नव्हतं, आणि विचारलं असतं तर शकु म्हणाली असती, सांगितलं तेव्हा कुठे होतात? "सगळं घेतलंस ना?" त्याने अंदाजाने विचारलं. शकुने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला घाई झालीय का?" ती म्हणाली, हे त्याला नेमकं सगळं ऐकू आलं.

उलगडा केला अक्षताने, फोनवर मेसेज पाठवून. अक्षता आणि जावई निलेश बोरिवलीला असतात, त्यांची निधी आता सात महिन्यांची, आणि अक्षताची रजा संपत आली होती. "बाबा थँक्यू. आई म्हणाली तुम्ही लगेच 'चांगलंय की' म्हणालात. निधी शाळेत जायला लागेपर्यंत आई इथे राहिली तर मला काही टेन्शनच नाही. निलेश रविवारी दहापर्यंत गाडी घेऊन येईल. पण आई जरा नाराज वाटली. तुम्ही काही बोललात का?" सहदेवने मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. शाळेत जायला लागेपर्यंत. म्हणजे ती चालणार, बोलणार, तिच्या दप्तराला पट्टा लागणार, तोवर. त्याला ती वेळही आठवली. परवा सकाळी शकु सिंककडे तोंड करून उभी होती, नळ चालू, पाठ त्याच्याकडे, आणि ती बराच वेळ काहीतरी बोलत होती, आणि शेवटी सूर वर गेला होता. पाठीवर पक्षी दिसत नाहीत. त्याने वर्तमानपत्र खाली न ठेवता सांगितलं होतं, चांगलंय की.

आता करायचं काय? खरं सांगितलं तर कोपऱ्यातली गोधडी. न सांगितलं तर हे रिकामं घर, त्यात न वाजणारी बेल, आणि बोरिवलीत एक बाई, जिला वाटतंय की नवऱ्याने आपल्याला एका शब्दात घालवलं. सहदेवने मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, "बोरिवलीला डास फार, म्हणतात." "इथे काय कमी आहेत?" शकु म्हणाली. शनिवारी म्हणाला, "तुझे गुडघे. अक्षताकडे लिफ्ट सारखी बंद असते." "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही गेलात कधी?" रात्री ती दिवा मालवून काहीतरी बोलली. अंधार होता. चेहरा दिसत नव्हता. सहदेवने श्वास रोखून कान दिले, दोन्ही दिले, पण अंधारातून नुसती गुणगुण आली, अर्थ नाही. तिने उत्तराची वाट बघितली असावी. मग पलंग हलला, तिने कूस बदलली होती. सहदेवला त्या क्षणी वडिलांसारखं हसू फुटेल की काय अशी भीती वाटली.

रविवारी सकाळी शकु म्हणाली, शेवटचं जाऊन येते पायवाटेवर, आणि तो निमूटपणे मागे गेला. सात-आठजण होते. काकू चालल्या म्हणून केयूरने खास परीक्षा ठेवली होती. "आज एकेकाला मध्ये घेऊ. आधी धुरीकाका, म्हणजे बाकीच्यांना लेव्हल कळेल." सगळ्यांनी डोळे मिटले. सहदेव मधोमध, शकु समोर, पाठीमागे डोंगरावर कोवळं ऊन. नाक आकसलं. "चष्मेवाला." मान कलली. "दयाळ." बोट हललं, आणि त्याला स्वतःलाही ऐकू आलं, "तांबट." "झकास!" कुणीतरी पुटपुटलं. आणि मग शकुच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे त्याने पूर्वी बघितलं नव्हतं. भुवया दोन्ही वर, मध्ये जवळ. तीळ थरथरत होता. मिटलेल्या पापणीखालून पाणी आलं आणि नाकाच्या कडेने खाली उतरू लागलं, आणि ती ते पुसत नव्हती. सहदेवने डोक्यातले सगळे पक्षी चाळले. हळद्या? हळद्याला ती डोळे आवळते, रडत नाही. कुणी पाहुणा असेल, लांबून आलेला, कधीतरी एकदाच ओरडणारा. इतका सुंदर कोण ओरडतोय, आणि मला ऐकू येत नाही!

"काका?" केयूर म्हणाला.

"थांब जरा, ऐकतोय. लांब आहे," सहदेव म्हणाला. "हळद्याच्या जातीतला वाटतो."

केयूरने डोळे उघडले. "काका, काहीच ओरडत नाहीये. केव्हापासून सगळं शांत आहे."

"मग ही रडते कशाला?" सहदेव म्हणाला.

एकेक करून सगळ्यांनी डोळे उघडले आणि शकुकडे बघितलं. शकुने पदर तोंडाला लावला आणि सहदेवकडे बघितलं, आणि तिला दिसलं की तो आधीपासून बघतो आहे. सहदेवचं तोंड सवयीने "बघू"साठी तयार झालं होतं. त्याने ते मिटलं. त्याला कोपऱ्यातली गोधडी दिसली, तिच्यावर हसणारे वडील दिसले, आणि गणपती नसलेला देव्हारा दिसला. मग घरात आई-वडिलांशी बोलायचा त्या बोलीत, चारचौघांसमोर, नको इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "माका ऐकाक येणा नाय, शकु."

कुणी काही बोललं नाही. की बोललं, त्याला कळलं नाही. केयूर दुर्बिणीशी चाळा करत जवळ आला आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "पण काका, मग आत्ता चष्मेवाला कसा ओळखलात? तो तर मलाही कधीकधी चुकतो."

"हिच्या नाकावरून," सहदेव म्हणाला.

शकुचा हात आपोआप नाकाकडे गेला. "कधीपासून?" तिने विचारलं. "दोन वर्षं असतील." "दोन वर्षं? म्हणजे दोन वर्षं मी भिंतीशी बोलतेय?" तिचा आवाज चढला, छान ऐकू येऊ लागला. "मी समजत होते तुम्हाला माझा कंटाळा आलाय! त्या दिवशी सिंकपाशी मी तुम्हाला काय विचारलं?" "नाय ऐकलं." "आणि काल रात्री?" "काल काळोख होता." शकुने हातातली टोपी त्याच्या खांद्यावर मारली, एकदा, मग आणखी एकदा, आणि दुसऱ्या खेपेला ती हसत होती की रडत होती हे त्याला एवढ्या अभ्यासानंतरही सांगता आलं नसतं. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि अक्षताच्या बाळाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "परत विचारते. मी जाऊ का बोरिवलीला राहायला?"

"नको," सहदेव म्हणाला. "नायतर मी पण येतंय."

निलेश गाडी घेऊन आला तेव्हा दोन बॅगा होत्या. सोमवार ते शुक्रवार दोघं बोरिवलीत, शनिवार-रविवार भांडुप, आणि मधल्या वारी कानाचा डॉक्टर, असं शकुने ठरवलं. यावर सहदेव "बघ..." एवढंच म्हणाला आणि तिच्या नजरेला नजर मिळताच "हो" म्हणाला. निलेश बॅगा घेऊन खाली गेला. शकु गॅसचा खटका बंद आहे ना बघायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. तिची उजवी भुवई वर गेली. सहदेव ग्रिलपाशी गेला. शिंजीर जास्वंदीवर होता, चोच उघडत होता, मिटत होता, गळा फुगवून जीव तोडून सांगत होता.

"कसा ओरडतो गो तो?" सहदेवने विचारलं. "म्हणजे नेमका कसा?"

शकु जवळ आली. दार उघडं होतं, जिन्यात निलेश वर येत असावा, पण तिने पर्वा केली नाही. तिने त्याचा कान धरून खाली ओढला, तोंड अगदी कानाशी नेलं, आणि आपल्या त्या जाड, घोगऱ्या, बाजारात मासळीचा भाव पाडणाऱ्या आवाजात म्हणाली, "चिविट चिविट चिविट, चीऽऽविट." कानात गरम हवा गेली. इतका भसाडा पक्षी जगात असणं शक्य नव्हतं. जास्वंदीवरचा शिंजीर दचकून गप्प झाला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला.

"ऐकू आलं?" शकुने विचारलं.

"आलं," सहदेव म्हणाला. "पण परत कर."